चिमणराव नगरला केव्हा पोचला? : दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका आणि स्मृतीचा भूगोल

१

मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासाची मांडणी करताना 'चिमणराव-गुंड्याभाऊ' या मालिकेचा निर्देश हटकून आरंभी येतो. चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली ही मालिका सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शन केंद्रावरून प्रक्षेपित झाली. विजया जोगळेकर-धुमाळे तिच्या निर्मात्या होत्या. दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला. मराठीतील पहिली मालिका म्हणून तिची ओळख रूढ आहे. या ओळखीला जोडूनच आणखी एक विधान सहजपणे केले जाते, ते म्हणजे ही 'आपल्या लहानपणीची' मालिका होती आणि 'साऱ्या महाराष्ट्राने' ती घरात एकत्र बसून पाहिली.

या विधानातील भावना खोटी नाही; पण त्यातील 'आपण' कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. साहित्यकृतीच्या बाबतीत वाचकवर्गाची चौकशी करण्याची सवय मराठी समीक्षेला आता बऱ्यापैकी झाली आहे. ग्रंथ कोणत्या थरात वाचला गेला, त्याच्या आवृत्त्या किती निघाल्या, तो पाठ्यपुस्तकात केव्हा शिरला, याकडे लक्ष दिले जाते. दूरचित्रवाणीवरील संहितेच्या बाबतीत मात्र ती सर्वांपर्यंत एकाच वेळी, एकाच रूपात पोचली असे गृहीत धरले जाते. वस्तुतः ग्रंथापेक्षा दूरचित्रवाणीचा प्रसार अधिक काटेकोरपणे मोजता येतो, कारण तो प्रक्षेपकाच्या मनोऱ्याची उंची, त्याची शक्ती आणि वाटेतले डोंगर यांनी ठरतो. ग्रंथ एसटीने प्रवास करू शकतो, उसना दिला जाऊ शकतो. प्रक्षेपणाला कक्षा असते आणि कक्षेबाहेरच्या घरात पडद्यावर केवळ मुंग्या दिसतात.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा या प्रश्नाच्या तपासासाठी विशेष उपयुक्त आहे. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याची एक कड पुणे जिल्ह्याला भिडलेली, दुसरी मराठवाड्याला. तो मुंबई-पुण्याच्या सांस्कृतिक प्रभावक्षेत्राच्या पूर्णपणे बाहेर नाही आणि आतही नाही. अशा जिल्ह्यातील बालपणाच्या दृष्टीने चिमणराव नावाची विनोदी व्यक्तिरेखा केव्हा, कोणत्या वाटेने आणि कोणत्या भाषेत पोचली, याचा माग काढला तर 'अभिजात मालिका' या संकल्पनेचीच फेरतपासणी करावी लागते.

२

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे ते देशातील दुसरे केंद्र. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. 'चिमणराव-गुंड्याभाऊ' प्रक्षेपित होत असताना मराठी दूरचित्रवाणीचा प्रदेश मुख्यतः एवढाच होता : मुंबई, तिची उपनगरे, पुणे आणि सिंहगडाच्या नजरेच्या टप्प्यात येणारा मुलूख.

'नजरेचा टप्पा' हा शब्दप्रयोग येथे जवळजवळ वाच्यार्थाने घ्यावयाचा आहे. त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जात आणि डोंगराआड गेलेल्या गावाला त्या पारख्या होत. नगर शहर पुण्यापासून रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर. जिल्ह्याच्या वायव्येस अकोले तालुका, जेथे कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर आहे. त्याच्या दक्षिणेस हरिश्चंद्रगडापासून पूर्वेकडे पसरत गेलेली डोंगररांग. अकोले, संगमनेर, कोपरगाव हा उत्तरेचा पट्टा या रांगेच्या पलीकडचा. म्हणजे सिंहगडाकडून येणारी लहर जिल्ह्याच्या नैऋत्य कडेला फार तर चाटून जाऊ शकत होती; जिल्ह्याचे अंतरंग तिच्या आवाक्याबाहेरच होते.

प्रक्षेपणाच्या या तारखांशेजारी जिल्ह्याच्या इतिहासातील तारखा ठेवून पाहिल्या की चित्र अधिक स्पष्ट होते. वरळीचे केंद्र सुरू झाले तो १९७२ चा ऑक्टोबर महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचा आहे आणि नगर हा त्या दुष्काळाने पोळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे आणि सुकडीसाठी रांगेत उभी असणारी मुले ही त्या हिवाळ्यातील जिल्ह्याची सार्वजनिक दृश्ये होती. या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि १९७९ मध्ये अंमलात आला. मालिकेचे प्रक्षेपणही साधारण याच वर्षांतले. एकाच राज्यात, एकाच दशकात, मध्यमवर्गीय कारकुनाच्या घरगुती फजितीवर हसणारे एक प्रेक्षागृह तयार होत होते आणि तेथून दीडदोनशे किलोमीटरवर रोजंदारीच्या हक्काला कायद्याची भाषा मिळत होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे अप्रस्तुत ठरेल. पण 'साऱ्या महाराष्ट्राचे बालपण' अशी भाषा वापरणाऱ्या इतिहासलेखनाने यांपैकी एकच घटना स्मृतीत ठेवली, हे नोंदवणे अप्रस्तुत नाही.

३

मालिकेचे पुनर्वाचन करण्यासाठी प्रथम मूळ संहितेच्या निवेदनव्यूहाकडे वळावे लागते. चिंतामण विनायक जोशी (१८९२-१९६३) हे पाली भाषेचे अभ्यासक आणि बडोद्यातील अध्यापक. 'एरंडाचे गुऱ्हाळ' (१९३२) आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' (१९३३) या संग्रहांनी चिमणराव मराठी वाचकांच्या घरी रुजला. चिमणरावाचे पुणे हे पुण्याबाहेर, एका संस्थानाच्या राजधानीत बसून लिहिलेले पुणे आहे. पेठेतील वाडा, कचेरी, नातलगांची वर्दळ, लग्नकार्ये, प्रवासाच्या तयाऱ्या हे सारे काहीशा अंतरावरून पाहिलेले आहे. जोशींच्या विनोदातील सौम्यपणा, कोणाविषयीही विखार नसणे, याचे एक कारण या अंतरात शोधता येते. थोडक्यात, चिमणराव हा जन्मापासूनच दुरून पाहिलेला माणूस आहे.

दुसरे वैशिष्ट्य प्रथमपुरुषी निवेदनाचे. चिमणराव आपली कथा स्वतः सांगतो आणि ती अत्यंत गांभीर्याने सांगतो. आपली फजिती ही फजिती आहे हे त्याला एक तर उमगत नाही किंवा उमगूनही तो ते सभ्य शब्दांच्या आवरणाखाली झाकू पाहतो. वाचकाचे हसू या आवरणाच्या फटीतून उगवते. निवेदक जे सांगतो आणि वाचकाला जे दिसते त्यांतील तफावत हाच या विनोदाचा प्राण आहे. पत्नी काऊ, मुले, आई आणि गुंड्याभाऊ ही सारी माणसे आपल्याला भेटतात ती चिमणरावाच्या वाक्यांतून. गुंड्याभाऊचे दांडगट धैर्य, त्याचा सोटा, त्याचे उतावीळ उपाय यांना चिमणरावाच्या भित्र्या नजरेमुळेच त्यांचे प्रमाण लाभते.

दृश्य माध्यमात हा व्यूह जसाच्या तसा टिकत नाही. कॅमेरा तृतीयपुरुषी असतो. ज्याच्या डोळ्यांनी आपण पाहत होतो तोच आता पाहण्याची वस्तू होतो. हा प्रश्न मालिकेच्या आधीही उपस्थित झाला होता. मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावे करून' (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी रंगवली होती, तेव्हाच निवेदक चिमणराव पडद्याआड गेला आणि पात्र चिमणराव उरला. मालिकेतील प्रभावळकरांच्या अभिनयाचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. निवेदनातील तफावत त्यांनी देहबोलीत उतरवली. कोट-टोपीतील किरकोळ अंगयष्टी, बोलताना मध्येच अडखळणारा आवाज, मत मांडल्यावर लगेच समोरच्याच्या चेहऱ्याकडे जाणारी नजर यांतून मनात एक आणि ओठांवर दुसरे असलेला माणूस उभा राहतो. बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊने त्याला भक्कम, देहधारी प्रतिपक्ष दिला.

या रूपांतरात एक गोष्ट हरवली आणि एक मिळाली. हरवली ती वाचकाची भागीदारी. ग्रंथात चिमणरावाला पकडण्याचे काम वाचक करतो, पडद्यावर ते आधीच केलेले असते. मिळाली ती इतर पात्रांची स्वायत्तता. काऊला स्वतःचा चेहरा मिळाला, आणि नवऱ्याच्या बोलण्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते त्याच्या निवेदनातून गाळले जाण्याचा धोका उरला नाही. प्रसंगनिष्ठ विनोदाची मालिका ही मूलतः कुटुंबाची कला आहे. एका माणसाच्या आत्मकथनाचे कुटुंबाच्या सामूहिक दर्शनात रूपांतर करणे हे या मालिकेचे खरे वाङ्मयीन कार्य होय.

आणखी एक स्तर काळाचा आहे. १९३० च्या दशकातील पुणे १९७० च्या दशकातील मुंबईत, कृष्णधवल चित्रणात पुन्हा उभे करण्यात आले. म्हणजे मालिका पहिल्या प्रक्षेपणाच्या दिवशीच गतकालीन होती. तिच्या पहिल्या प्रौढ प्रेक्षकाला ती आपल्या बालपणातील वाचनाकडे नेत होती, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या दृष्टीने ती स्वतःच बालपणाची स्मृती बनत होती. आज तिच्याविषयी व्यक्त होणारी ओढ ही अशी दुपेडी आहे. त्यातला कोणता पेड चिं. विं.चा आणि कोणता दूरदर्शनचा, हे वेगळे करणे कठीण असले तरी आवश्यक आहे. कारण पहिला पेड नगर जिल्ह्यात पोचला होता, दुसरा पोचला नव्हता.

४

पहिला पेड पोचला तो ग्रंथालयांतून. अहमदनगर जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ ची. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. ज्या शहरात शतकाहून अधिक काळ वाचनाची अशी व्यवस्था होती तेथे चिं. विं.च्या संग्रहांना वाचक मिळण्यासाठी दूरदर्शनची वाट पाहावी लागली नाही. शाळामास्तर, तलाठी, साखर कारखान्यातील लेखनिक या पगारदार वर्गाला चिमणरावात आपली ओळख पटणे स्वाभाविक होते. लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्यापासून जिल्ह्यात सहकाराची जी वाढ झाली तिने हा वर्ग खेड्यापाड्यांत नेला. मात्र येथला पगारदार बहुधा शेतकरी घरातला पहिला पगारदार होता. त्याच्या पाठीमागे पेठेतला वाडा नव्हता. पाठीमागे रान होते, आणि दुष्काळात पगाराचा हप्ता रानातल्या भावाकडे जात होता. चिमणरावाचे पगाराच्या टोकाशी टोक मिळवताना होणारे हाल त्याला परिचित होते, पण त्या हालांचा परिसर परका होता.

विनोदाच्या ज्या परंपरेत हा जिल्हा वाढला ती तर वेगळीच होती. संगमनेर हे अनंत फंदीचे गाव. उत्तर पेशवाईतील या शाहिराने तमाशाच्या फडापासून कीर्तनापर्यंतची वाट चालली. संगमनेर परिसर पुढेही तमाशाचे एक महत्त्वाचे केंद्र राहिला. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमातील बतावणी हा संवादनिष्ठ विनोदाचा खास प्रकार आहे. त्यातला सोंगाड्या राजाला, पाटलाला, शास्त्र्याला उलट विचारतो. गवळणीतली मावशी देवालाही वाटेत अडवते. हा विनोद उघड्या मैदानात, जत्रेच्या गर्दीपुढे घडतो. श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून तो लांबतो वा आखडतो. त्याला घराच्या चार भिंती नसतात आणि लाज वाटून घेणारा नायकही नसतो.

चिमणराव नेमका याच्या उलट टोकाला आहे. तो उलट विचारत नाही, तो सारवासारव करतो. प्रतिष्ठा जाण्याची भीती हा त्याच्या कथांचा चालक हेतू आहे, तर प्रतिष्ठेला धक्का देणे हा सोंगाड्याचा व्यवसायच आहे. मराठी विनोदाचा इतिहास श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'पासून गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे असा जेव्हा सांगितला जातो तेव्हा तो ग्रंथगत, नागर विनोदाचा इतिहास असतो. बतावणीचा निर्देश झालाच तर लोकरंगभूमीच्या प्रकरणात होतो. दूरचित्रवाणीने मालिकेसाठी पहिला विषय निवडला तो या पहिल्या इतिहासातून, आणि त्या निवडीने त्या इतिहासाला पुन्हा अधिकृत केले.

तरीही घरगुती विनोद हा नगरला सर्वस्वी उपरा होता असे समजणे चूक ठरेल. चिमणराव ग्रंथरूपाने अवतरला त्याच सुमारास, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराचा मोठा भाग नगर आणि राहुरी येथे गेला. लहरी, उदार, क्षणात संतापणारा आणि क्षणात विरघळणारा नवरा. त्याने ऐन वेळी घरात आणून बसवलेली माणसे. रिकामे डबे आणि भरलेले घर, ही सामग्री विनोदी मालिकेचीच आहे. फरक निवेदकाचा. चिमणरावाच्या कथांत नवरा सांगतो आणि बायको त्याच्या वाक्यांत राहते. 'स्मृतिचित्रे'त बायको सांगते आणि नवरा, त्याच्याविषयीच्या साऱ्या आदरासह, तिच्या मिस्कील नजरेच्या कक्षेत येतो. शिवाय धर्मांतर, वियोग, जातिबहिष्कार असे जीवनाचे खरे आघात सोसूनही तिचे हसू शाबूत राहते. मालिकेने पडद्यावर काऊला जो चेहरा दिला, तो नगरच्या एका लेखिकेने चार दशके आधी गद्यात मिळवला होता. साहित्येतिहासाने मात्र 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्राच्या खणात ठेवले आणि चिमणरावाला विनोदाच्या. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी 'स्मृतिचित्रे'वर चित्रपट केला, तोही चरित्रपट म्हणूनच ध्यानात राहिला. दोन्ही ग्रंथ एकाच दशकातील मराठी कुटुंबाच्या विनोदाचे दोन आवाज म्हणून शेजारी ठेवून वाचण्याची गरज अजून शिल्लक आहे.

५

नगर जिल्ह्यात दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने पसरली ती १९८२ नंतरच्या विस्तारात. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची साखळी अत्यंत वेगाने उभी राहिली. या प्रक्षेपकांची कक्षा साधारण वीस-पंचवीस किलोमीटरची. पंचवीस किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटर व्यापते. म्हणजे नगरएवढ्या जिल्ह्यात एक प्रक्षेपक साडेआठांत एका भागापुरता पुरतो. उरलेल्या मुलखात घरांवरचे ॲन्टेनाचे बांबू उंच होत गेले, आणि चित्र नीट येईपर्यंत एक जण गच्चीवर व दुसरा खिडकीशी ओरडून सांगायला अशी कामाची वाटणी रूढ झाली.

या विस्ताराचा एक परिणाम साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. लघुशक्ती प्रक्षेपक उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम घेत. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम त्यांच्यापर्यंत आपोआप येत नसत. महाराष्ट्रातील प्रक्षेपकांना मराठी कार्यक्रमांनी जोडणारी प्रादेशिक साखळी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातच आकारास आली. परिणामी मधल्या काळात जिल्ह्याच्या घरांत जी दूरचित्रवाणी शिरली ती हिंदी होती. मुंबई-पुण्याच्या मुलाला पडद्यावरचा पहिला विनोद मराठीत भेटला. नगरच्या मुलाला तो हिंदीत भेटला, आणि त्याहून दशकभर लहान असणाऱ्या पिढीत.

१९८४ मध्ये 'ये जो है ज़िंदगी' आली. शरद जोशी या हिंदी व्यंगकाराचे लेखन, कुंदन शहा आदींचे दिग्दर्शन. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी हे घरातले, आणि निरनिराळ्या भूमिकांतून दर आठवड्याला नवा चेहरा घेऊन येणारे सतीश शहा. मुंबईतील एका घराची ही कथा हिंदीत सांगितली जात होती, आणि तिला प्रायोजक लाभला होता तो 'विको' हा पेंढरकरांचा मराठी उद्योग. १९८६ मध्ये 'नुक्कड़'ने घराबाहेरचा चौक पडद्यावर आणला. सायकल दुरुस्त करणारा, चहावाला, बेकार तरुण आणि दारुडा यांच्या त्या चौकात बतावणीतील मोकळीक थोडी तरी शिल्लक होती. चव्हाट्यावरच्या हजरजबाबी बोलण्याला सरावलेल्या प्रेक्षकाला ही मालिका चिमणरावाच्या वाड्यापेक्षा जवळची वाटावी, अशीच तिची घडण होती.

आणि १९८८ मध्ये 'वागले की दुनिया' सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतील सामान्य माणसाच्या वृत्तीतून घडलेला, कुंदन शहांनी दिग्दर्शित केलेला हा श्रीनिवास वागळे म्हणजे मुंबईतील एक मराठी कारकून. अंजन श्रीवास्तव यांनी तो रंगवला. पत्नी राधिका भारती आचरेकर यांनी. वागळ्याची मिळकत बेताची, स्वभाव भिडस्त, न्यायाची चाड आहे पण भांडण्याचे बळ नाही, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी हाती येते ते थोडेसे शहाणपण व थोडीशी हार. वंशावळ लावायचीच झाली तर हा चिमणरावाचा नातू शोभतो. दोघांमधील फरकही बोलका आहे. चिमणरावाच्या अडचणी मुख्यतः नातेसंबंधांतून आणि स्वतःच्या भित्रेपणातून येतात. वागळ्याच्या अडचणी महानगराच्या यंत्रणेतून येतात. चिमणरावाला गुंड्याभाऊ आहे, वागळ्याला नाही. अडचणीच्या वेळी सोटा घेऊन धावणारा नातलग महानगराने संपवला आहे.

म्हणजे मराठी कारकुनाची विनोदी प्रतिमा दूरचित्रवाणीमार्फत नगर जिल्ह्यात पोचली खरी, पण मुंबईहून दिल्लीला, दिल्लीहून उपग्रहावर आणि उपग्रहावरून पुन्हा महाराष्ट्रात असा वळसा घेऊन. या प्रवासात तिच्या नावातला 'ळ' गळून पडला. वागळेचा 'वागले' होणे ही हिंदी लेखनव्यवस्थेची सोय म्हणून सोडून देता येते. पण ज्या मुलाने घरात 'ळ' ऐकला आणि पडद्यावर 'ल' वाचला, त्याच्या दृष्टीने ती केंद्र आणि प्रदेश यांच्या संबंधाची सर्वांत छोटी नोंद ठरते. आपल्याच शेजारच्या माणसाकडे तो राष्ट्राच्या भाषांतरातून पाहत होता. प्रक्षेपणाच्या यंत्रणेने हे भाषांतर अदृश्य ठेवले, आणि त्यामुळेच ते सांस्कृतिक इतिहासात नोंदले गेले नाही.

६

यानंतर चिमणराव पुन्हा पोचला तो वेगवेगळ्या वाटांनी. मालिकेतील जोडीचा चित्रपट १९७९ च्या सुमारास आला होता. चित्रपटगृहाची कक्षा प्रक्षेपकावर अवलंबून नसल्याने तो मालिकेच्या पुढे जाऊ शकत होता. नव्वदच्या दशकात केबल आणि उपग्रह वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठीवर २००१ पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर ती आधारलेली होती आणि तिच्यातील आबा त्यांनीच साकारले. मूळ लेखन पुन्हा रोजनिशीच्या, म्हणजे प्रथमपुरुषी रूपाचे, आणि पडद्यावर पुन्हा त्याचे कुटुंबाच्या सामूहिक दर्शनात रूपांतर. या वेळी मात्र केबल पोचलेल्या घरी, मग ते दादरचे असो वा श्रीरामपूरचे, मालिका एकाच रात्री, एकाच भाषेत दिसत होती. 'साऱ्या महाराष्ट्राची मालिका' हे विशेषण वापरायचेच असेल तर ते चिमणरावापेक्षा टिपऱ्यांना अधिक अचूकपणे लागू पडते. पण स्मृतीच्या राजकारणात पहिलेपणाचा मान मोठा असतो, आणि पहिलेपण प्रक्षेपकाजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला येते.

चित्रफिती महाग असल्याने जुन्या ध्वनिचित्रमुद्रणांवर नवे कार्यक्रम चढवण्याची पद्धत त्या काळी रूढ होती, आणि 'चिमणराव-गुंड्याभाऊ'चे थोडेच भाग आज पाहण्यास मिळतात. अभिजात ठरलेली ही कृती तिच्या बहुसंख्य चाहत्यांपाशीही आता मुख्यतः आठवणीच्या रूपातच आहे. एका अर्थी मुंबई-पुण्याचा प्रेक्षक आज तेथे येऊन पोचला आहे जेथे नगरचा वाचक आरंभापासून होता : हाती चिं. विं.चे पुस्तक, आणि मालिका मात्र ऐकीव. दोघांनाही उरलेले मोजके भाग आता छोट्या पडद्यांवर, एकेकट्याने पाहावे लागतात. कुटुंबाच्या कलेचा हा एकांतातील आस्वाद मूळ अनुभवाची पुनरावृत्ती नव्हे, हे जाणूनच त्याची समीक्षा करावी लागेल.

या विवेचनाचा रोख मालिकेचे श्रेय कमी करण्याकडे नाही. मर्यादित साधनांत, प्रथमपुरुषी निवेदनाचे दृश्य रूपांतर करण्याचा जो प्रश्न तिने सोडवला तो पुढील प्रत्येक मराठी कौटुंबिक मालिकेला सोडवावा लागला, आणि फार थोड्यांना तो तितक्या संयमाने सोडवता आला. प्रश्न आहे तो तिच्याभोवती रचल्या गेलेल्या सामूहिक बालपणाचा. बालपणाची भाषा निरागस भासते, म्हणूनच तिच्यातील वगळणी दिसत नाही. ज्याला ती मालिका आठवत नाही त्याला आपल्या स्मृतीत काही उणे आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात उणे होते ते प्रक्षेपणात.

दूरचित्रवाणीच्या संहितांचा इतिहास यापुढे लिहिताना संहिता, लेखक, नट आणि निर्माते यांच्याबरोबर प्रक्षेपणाचा नकाशाही साधनसामग्रीत धरावा लागेल. कोणत्या वर्षी कोणत्या तालुक्यात कोणत्या भाषेतील कार्यक्रम दिसू शकत होता, ही माहिती तांत्रिक भासली तरी ती आस्वादाच्या शक्यतेची माहिती आहे. नगरपुरते बोलायचे तर चिमणराव येथे १९३० च्या दशकात पुस्तकातून पोचू शकत होता, सत्तरच्या दशकात दूरदर्शनवरून बहुतांशी पोचला नाही, आणि १९८८ मध्ये तो वागळे बनून, हिंदी बोलत आला. या तीन नोंदी एकत्र वाचल्या तर मराठी विनोदी मालिकेचा इतिहास मुंबईच्या केंद्रापासून सुरू होतो हे मान्य करूनही, तो तेथेच पुरा होतो असे म्हणता येत नाही. हाच नकाशा धुळे, बीड, चंद्रपूर या जिल्ह्यांसाठी मांडला गेला तर 'आपले बालपण' या शब्दांचे अनेकवचन मराठी समीक्षेला वापरावे लागेल.